लिऑनच्या कोर्टात तक्रारदार म्हणून : ट्राममधल्या धक्क्यापासून भरपाईपर्यंत

फ्रान्समध्ये कोणी तुमच्यावर हात टाकला, तुम्ही तक्रार दिली, आणि काही महिन्यांनी कोर्टाचं एक पत्र आलं ज्यात ‘ओमोलोगासिओं’ असलं काहीतरी लिहिलंय, तर आधी पाणी प्या. माझ्याबाबतीत हे सगळं होऊन गेलंय आणि आता फाईल बंद झालीये म्हणून निवांत लिहायला बसलेय. त्यावेळी मी मराठीत, हिंदीत बरंच शोधलं, पण सगळीकडे व्हिसा, घरभाडं आणि कॅफचे पैसे, म्हणजे सरकारी भत्ते, याचीच चर्चा, कोर्टाचं नाव कोणी काढत नाही, आणि जे काढतात ते दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर काय करायचं ते सांगतात, म्हणजे आरोपीच्या बाजूचं. मी दुसऱ्या बाजूला होते. मी वकील नाही, माझं फ्रेंच तेव्हा बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, आसपास लटकत होतं, त्यामुळे जे माझ्यासमोर झालं आणि जे मी नंतर नीट विचारून घेतलं तेवढंच लिहितेय.

13 ऑक्टोबर 2023, शुक्रवार. रविवारी घटस्थापना होती म्हणून ऑफिस सुटल्यावर नारळ, सुपाऱ्या असं सामान घ्यायला लिऑनमधल्याच गियोतिएर भागात निघाले होते, टी-वन ट्राममध्ये. एक माणूस चढला, चांगलाच प्यायलेला, कोणावर तरी ओरडत होता, मी उतरायला उठले तर वाटेत उभा. ‘पार्दों’ म्हणून बाजूने जायला लागले तर त्याने दोन्ही हातांनी ढकललं. मी खांबावर आपटले, मनगट खाली आलं, चष्मा उडाला आणि त्याच्याच बुटाखाली गेला. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा नसेल. एका कॉलेजच्या पोरीने आणि एका आजोबांनी मला खाली उतरवलं, ड्रायव्हरने गाडी थांबवून ठेवली, पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. त्या पोरीने मला तिचा नंबर कागदावर लिहून दिला, तो कागद पुढे फार कामाला आला. त्या क्षणी आपण थरथरत असतो, पण साक्षीदाराचा नंबर घ्याच, नंतर कोणी सापडत नाही.

तक्रार त्याच रात्री दिली. इथे एक महत्त्वाचं. पोलीस स्टेशनात दोन गोष्टी असतात, एक ‘प्लांत’ म्हणजे खरी तक्रार, आणि दुसरी ‘में कुरांत’ म्हणजे नुसती नोंद. नोंद केली की वहीत राहते, तेवढ्यावर सहसा पुढे काही हलत नाही. काउंटरवरच्या माणसाने मला आधी नोंदीबद्दलच विचारलं, वाईट हेतूने नाही, बहुतेक मी दमलेली दिसत होते म्हणून. कायद्याने पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते, तुम्ही ठामपणे ‘झ व्हु देपोझे प्लांत’ एवढं म्हणा, पुरतं. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागायचा हक्क आहे आणि तो फुकट असतो. मला फोनवर इंग्लिशचा दुभाषा मिळाला. घरचा पत्ता द्यायला भीती वाटत असेल तर ओळखीच्या कोणाचा, त्यांची परवानगी घेऊन, देता येतो. मी एका मैत्रिणीचा दिला. निघताना तक्रारीची पावती आणि पूर्ण जबाबाची कॉपी दोन्ही मागून घ्या.

ट्राममधल्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर ते रेकॉर्डिंग कायद्याने जास्तीत जास्त महिनाभर ठेवता येतं, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून खूप आधी पुसलं जातं. म्हणून ‘बघू सोमवारी’ असं करू नका.

दोन दिवसांनी, म्हणजे बरोबर घटस्थापनेच्या सकाळी, पोलिसांनी दिलेला कागद घेऊन हॉस्पिटलमधल्या युएमजेला गेले, म्हणजे पोलीस आणि कोर्टासाठी तपासणी करणारे डॉक्टर. तिथे पैसे पडत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मनगट बघितलं, दंडावरचे वळ फूटपट्टी लावून मोजले, झोप लागते का, ट्राममध्ये बसता का, असं विचारलं. शेवटी लिहिलं ‘इतेते तीन दिवस’. मी मनात म्हटलं एवढंच? माझ्या नेहमीच्या डॉक्टरने तर मला आठवडाभर सुट्टी लिहून दिली होती. नंतर कळलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपणाची सुट्टी ही नोकरीसाठी, आणि इतेते म्हणजे किती दिवस तुम्हाला स्वतःचं रोजचं, म्हणजे कपडे घालणं, स्वयंपाक, बाहेर जाणं हे नीट जमत नव्हतं. गुन्हा किती गंभीर धरायचा ते बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरतं, मारहाणीत आठ दिवसांची रेषा आहे. म्हणून तपासणीच्या वेळी उगाच ‘आय ॲम फाइन’ करू नका. आपल्याला सवय असते, कोणी विचारलं की बरंय म्हणायची.

माझ्या केसमध्ये आठ दिवसांच्या आतलं असूनही तो गुन्हा साधा धरला नाही, कारण दोन गोष्टी वाढीव होत्या, एक तो नशेत होता आणि दुसरं हे सार्वजनिक वाहनात झालं. दोन्ही मिळून कागदावर जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं आणि 75,000 युरो दंड. हा आकडा मी आईला फोनवर सांगितला आणि तो सांगायला नको होता असं पुढे सहा महिने वाटत राहिलं, कारण तिने तेच धरून ठेवलं.

मग शांतता. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, मध्ये एकदा पोलिसांचा फोन की चष्म्याचं बिल आहे का. तेवढंच. या काळात मी ट्राम बंद केली होती, मेट्रो आणि पायी. शेजारच्या टेबलवरचा फ्रेंच सहकारी म्हणायचा की कदाचित केस कोर्टात जाणारच नाही. त्याचं कारण असं की फ्रान्समध्ये सरकारी वकील, म्हणजे ‘प्रोक्युरर’, हा ठरवतो की फाईल कुठल्या वाटेने न्यायची. पुरावा नाही म्हणून बंद करता येते. छोट्या गोष्टींत प्रोक्युररच्या प्रतिनिधीसमोर बोलावून समज देतात, भरपाई करायला लावतात. ‘कोंपोझिसिओं पेनाल’ असतं, ज्यात आरोपी दंड, कोर्स वगैरे मान्य करतो. ‘ओर्दोनांस पेनाल’ असते, त्यात सुनावणीच नाही, न्यायाधीश फाईल बघून निकाल देतात आणि तो थेट पोस्टाने येतो. या सहकाऱ्यालाच एकदा वाईन पिऊन गाडी चालवल्याबद्दल अशीच घरपोच शिक्षा आली होती, दंड आणि लायसन्स निलंबित, आणि ते मान्य नसेल तर 45 दिवसांत विरोध नोंदवा म्हणजे नेहमीसारखी सुनावणी होईल, असं त्यात लिहिलेलं. त्याने भरून टाकलं. पूर्ण खटला, तीन न्यायाधीश, काळे गाऊन, वकिलांची भाषणं, हे आपण टीव्हीवर बघतो ते बऱ्याच फायलींच्या वाट्याला येतच नाही.

फेब्रुवारी 2024 च्या सुरुवातीला पत्र आलं. 16 एप्रिल, मंगळवार, तुमच्या प्रकरणात ‘से-एर-पे-से’ (CRPC) पद्धतीने ओमोलोगासिओंची, म्हणजे ठरलेल्या शिक्षेला न्यायाधीशांनी मान्यता देण्याची, सुनावणी आहे, हजर राहून नुकसानभरपाई मागू शकता. लांबलचक नाव आहे, साधा अर्थ गुन्हा आधीच कबूल करून हजर राहणे. अक्षरं तीच असली तरी आपल्याकडे जुलै 2024 पर्यंत असलेल्या सीआरपीसीशी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेशी, याचा काही संबंध नाही. 2004 च्या पेर्बेन कायद्याने हे आलं. होतं असं की आरोपी वकिलाबरोबर, आणि वकील इथे सक्तीचा, नको म्हणता येत नाही, प्रोक्युररच्या खोलीत जातो. गुन्हा कबूल करतो. प्रोक्युरर शिक्षा सुचवतो. तुरुंगवास सुचवायचा असेल तर कायद्यातल्या कमाल शिक्षेच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही आणि तीन वर्षांच्या वर तर नाहीच. आरोपी हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, किंवा विचाराला दहा दिवस मागू शकतो. हो म्हणाला तर ते सगळे न्यायाधीशांपुढे जातात, न्यायाधीश मान्यता देतात किंवा नाकारतात. शिक्षेत फेरफार करता येत नाही, सहा महिन्यांचे चार किंवा आठ करता येत नाहीत, घ्या नाहीतर परत पाठवा.

माझा आत्तेभाऊ पुण्यात शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, त्याला रात्री फोन लावला. तो म्हणाला, “अगं हे आपलं प्ली बार्गेनिंगच की.” मग तासभर त्याने क्लास घेतला. आपल्याकडे 2005 च्या दुरुस्तीने ते आलं, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांसाठी, पण स्त्रीविरुद्धचा किंवा लहान मुलाविरुद्धचा गुन्हा असेल तर नाही. म्हणजे माझी केस तिकडे या वाटेने गेलीच नसती. आणि दुसरा मोठा फरक, आपल्याकडे तडजोडीच्या बैठकीला तक्रारदारालाही बोलावतात, सगळे मिळून काहीतरी ठरवतात. इथे प्रोक्युररच्या खोलीत मला जागा नाही. शिक्षा किती, काय, हे मला कोणी विचारणार नव्हतं. हे ऐकून मी जरा बसलेच. भाऊ शांतपणे म्हणाला, “मग तुझ्या हातात काय आहे ते बघ. भरपाईचे कागद. ते लाव नीट.” नंतरच्या दोन महिन्यांत मी तेवढंच केलं आणि माझ्या मते या पद्धतीत तक्रारदाराने एवढंच धरून बसावं.

वकील करावा का? आरोपीला सक्ती आहे, तक्रारदाराला नाही. घराच्या विम्यात ‘प्रोतेक्सिओं ज्युरिदिक’, म्हणजे कायदेशीर मदतीचं कलम, आहे का बघा, असेल तर वकिलाच्या फीचा काही भाग मिळतो. उत्पन्न कमी असेल, विशेषतः विद्यार्थ्यांनी, ‘एद ज्युरिदिक्सिओनेल’ चा अर्ज करावा, सरकार फी भरतं. माझा पगार त्यात बसत नव्हता, माझ्या विम्यात ते कलम नव्हतं, आणि ज्या एका वकिलीणबाईंशी बोलले त्यांनी 900 युरो सांगितले, माझं नुकसानच तेवढं नव्हतं. मग 116 006 ला फोन केला. हा पीडितांसाठीचा देशभराचा मोफत नंबर आहे. त्यांनी सांगितलं की कोर्टाच्या इमारतीतच मदत कक्ष असतो, ‘ब्युरो द’एद ओ व्हिक्तीम’, अपॉइंटमेंट घेऊन जा. पैसे नाहीत. तिथल्या बाईंनी माझी फाईल एका खुर्चीवर पसरली, अक्षरशः खुर्चीवर, टेबल भरलेलं होतं, आणि एकेक कागद उचलून ‘हे हवं, हे नको’ करत बसल्या.

त्यातून जे शिकले ते सांगते. चष्म्याचं नवं बिल 420 युरो होतं पण म्युत्युएलने, म्हणजे पूरक आरोग्य विम्याने, 190 दिले होते, मग मागायचे ते फक्त उरलेले 230, आणि म्युत्युएलचा हिशोबाचा कागद जोडायचा, नाहीतर समोरचा वकील पहिलं तेच काढतो. जुना चष्मा खरंच होता आणि बऱ्यापैकी किमतीचा होता हे दाखवायला मी बाबांना सांगून लक्ष्मी रोडच्या दुकानातनं जुनं बिल काढून घेतलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्यात बिलाच्या कडेला त्यांचा अंगठा आणि मागे चहाचा कप. बाई म्हणाल्या, चालेल, रुपयांचे युरो बाजूला लिहा. मनगटाच्या पट्ट्याचे आणि औषधांचे सेक्युने, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याने, न दिलेले 35 युरो. आणि मानसिक त्रासाचे, याला बिल नसतं. मी 800 लिहिले. त्यासाठी डॉक्टरचं पत्र, मी ट्राम टाळत होते हे लिहिलेलं, आणि झोपेच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन. शिवाय शरीराला इजा असेल तर सेक्युलाही या दाव्याची खबर द्यावी लागते, त्यांनी उपचारांवर खर्च केलेला असतो, तो त्यांना आरोपीकडून वसूल करायचा असतो. एक साधं पत्र, माझा सेक्यु नंबर आणि सुनावणीची तारीख टाकून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, पोच जपून ठेवली.

हजर राहणं जमणार नसेल तर दावा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवता येतो, सुनावणीच्या निदान 24 तास आधी कोर्टाला मिळाला पाहिजे. पण जमत असेल तर जाच.

आणखी एक केलं ज्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. मार्चमध्ये एक सुट्टी टाकून तशाच दुसऱ्या सुनावण्या बघायला जाऊन बसले. या सुनावण्या खुल्या असतात, कोणीही जाऊ शकतं. मूळ कायद्यात त्या बंद दाराआड ठेवल्या होत्या, पण 2 मार्च 2004 च्या निकालात तिथल्या घटना परिषदेने ते रद्द केलं, हे त्या मदत कक्षातल्या बाईंनीच सांगितलं. लिऑनचं कोर्ट पार-दियजवळ र्यू सेर्व्हिआंवर आहे, मेट्रो बी-ने प्लास गिशार. दारात एअरपोर्टसारखी तपासणी. माझ्या पिशवीत डब्यात कांदेपोहे होते, गार्डने झाकण उघडून वास घेतला आणि ‘सा साँ बों’ (वास छान येतोय) म्हणून परत दिले.

आत खोली छोटी, शाळेच्या वर्गाएवढी. एकच न्यायाधीश, बाजूला ग्रेफिए म्हणजे कारकून, बस. प्रोक्युरर त्या दिवशी तिथे नव्हतेच, असणं सक्तीचं नाही. एकामागून एक माणसं येत होती, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. दारू पिऊन गाडी, विना लायसन्स गाडी, दुकानातली चोरी, परत दारू पिऊन गाडी. एका पोराला ‘जूर-आमांद’ लावले, म्हणजे रोजचे अमुक युरो असे अमुक दिवस, शेवटी एकदम भरायचे, नाही भरले तर तेवढे दिवस आत जायची वेळ येऊ शकते. न्यायाधीशांनी ते त्याला दोनदा समजावलं आणि मग विचारलं, “काय समजलं ते तुम्ही सांगा.” मला हे फार आवडलं. आणि एक केस बघितली जिथे माणूस खालच्या खोलीत कबूल करून आला होता आणि वर आल्यावर म्हणाला की तशी गाडी मी चालवत नव्हतो, पण लवकर संपावं म्हणून सही केली. त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी मान्यता नाकारली, आता नेहमीच्या कोर्टात केस चालेल, आणि तिथे आजचं कबुलीचं काहीही वापरता येणार नाही, असं त्याला सांगितलं. ते बघून मला जरा बरं वाटलं, म्हणजे हा नुसता शिक्का मारायचा कार्यक्रम नाही.

16 एप्रिल, पाडव्याच्या पुढचा आठवडा. पत्रात दुपारी दीडची वेळ होती, पण ती सगळ्यांनाच दीडची असते, माझा नंबर साडेतीनला लागला. पाणी, खायला काहीतरी न्या. बरोबर मैत्रीण होती, तेही सुचवेन. कारण कॉरिडॉर एकच. तो माणूस समोरच्या बाकावर, मध्ये दहा पावलं. पहिल्यांदा मी त्याला ओळखलंच नाही. दारू नसलेला, दाढी केलेला, अंगात नवाकोरा पांढरा शर्ट, पाकिटातल्या घड्या तशाच छातीवर उमटलेल्या, इस्त्री करायचं कोणाच्या लक्षात आलेलं नाही. त्याचा वकील आला, दोघे प्रोक्युररच्या खोलीत गेले, दार लागलं. मी बाहेर. आत माझ्याबद्दल बोलणं चाललंय आणि मी बाकावर बसून पोह्यांचा डबा धरून आहे, याचा राग आला का, तर हो, आला. मला निदान ऐकायचं होतं. वीसेक मिनिटांनी ते बाहेर आले, वकील काहीतरी कागद फडफडवत, तो माणूस खाली मान घालून माझ्यासमोरून गेला.

सुनावणीला हिंदीची दुभाषी बाई मिळाली होती, मी महिनाभर आधी पत्राने मागितली होती. मराठीची मागायच्या नादाला लागू नका, इंग्लिश किंवा हिंदी चटकन मिळते. न्यायाधीशांनी आधी त्याला विचारलं, जे झालं ते मान्य आहे का, सुचवलेली शिक्षा मान्य आहे का. दोन्हीला हो. मग शिक्षा वाचून दाखवली. पाच महिन्यांचा तुरुंगवास, पण सगळा ‘सुर्सी प्रोबात्वार’, अठरा महिन्यांची मुदत. म्हणजे आत्ता आत जायचं नाही, पण या अठरा महिन्यांत प्रोबेशनच्या अधिकाऱ्यांकडे हजेरी, दारू सोडायचे उपचार घेण्याची सक्ती, मला कुठल्याही प्रकारे संपर्क नाही, आणि मला भरपाई देण्याची सक्ती. मोडलं तर ते पाच महिने सगळे किंवा थोडे भोगावे लागू शकतात. त्याच्यावर आधीची एकही शिक्षा नव्हती.

मग माझ्याकडे वळले. इथे एक गोष्ट माहीत असू द्या, तक्रारदाराचं बोलणं नुसतं पैशांपुरतं नसतं. तुम्ही जे सांगता त्याने घटनेवर वेगळाच प्रकाश पडत असेल तर न्यायाधीश त्या कारणावरून मान्यता नाकारू शकतात. मला केस फिरवायची नव्हती. मी एका पानावर लिहून नेलं होतं, हात थोडे हलत होते म्हणून पान बाकाच्या कडेवर टेकवून वाचलं. काय झालं ते चार ओळींत, त्यानंतर काय बदललं ते सहा ओळींत, आणि आकडे. जास्त लिहू नका, त्यांच्याकडे फाईल असते. न्यायाधीशांनी कागद एकेक बघितले, पुण्याच्या बिलावर थांबले, रुपयांचा हिशोब बोटाने तपासला आणि म्हणाले की चष्मा तिकडे बराच स्वस्त दिसतोय. खोलीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं, ते ग्रेफिए होते. समोरच्या वकिलाने मानसिक त्रासाचे 800 जास्त आहेत म्हटलं, चष्म्यावर काही बोलला नाही. त्या माणसाला शेवटचं विचारलं, काही म्हणायचंय का. तो माझ्याकडे न बघता न्यायाधीशांना म्हणाला, “मला आठवत नाही, पण व्हिडिओ बघितला. मी माफी मागतो.” मला यावर काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. खोटा वाटला नाही एवढंच.

निकाल लगेच. शिक्षेला मान्यता, आणि मला 230 अधिक 35 अधिक मानसिक त्रासाचे 500, एकूण 765 युरो. त्याला वर 127 युरो कोर्टाचा ठरावीक खर्च, तो सरकारजमा, महिन्यात भरला तर 20 टक्के सूट. माझ्या उभं राहण्यापासून बसण्यापर्यंत पंधरा मिनिटं झाली असतील.

रात्री आईचा फोन. “म्हणजे सोडला त्याला?” मी सुर्सी समजावलं, उपचार समजावले, ती म्हणाली पाच वर्षं होती ना. मी तिला दोष देत नाही. पण तिथे दोन दुपारी बसल्यावर माझं मत थोडं बदललंय. माणूस पहिल्यांदा सापडलाय, दारूचा प्रश्न उघड आहे, त्याला अठरा महिने कोणीतरी धरून ठेवणार असेल तर माझ्यासाठी ते पाच महिने आत बसवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, कारण टी-वनने मलाच जायचंय. जे खटकलं ते शिक्षेबद्दल नाही, त्या बंद दाराबद्दल आहे. तिथे बोलायला मिळालं नसतं तरी चाललं असतं, बसायला मिळायला हवं होतं.

आता पैसे. निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. दहा दिवस अपिलाचे असतात. तक्रारदाराला अपील करता येतं ते फक्त भरपाईच्या भागावर, शिक्षेवर नाही. ते संपल्यावर मी कोर्टाच्या ग्रेफकडून, म्हणजे कारकुनांच्या ऑफिसकडून, निकालाची प्रत आणि ‘अपील झालेलं नाही’ असा दाखला मागितला, ईमेलने, दोनदा आठवण करून. त्याने स्वतःहून काही भरलं नाही. मग सार्व्ही नावाची सोय आहे, 2008 च्या कायद्याने झालेली, पीडितांसाठीच्या ‘फों द गारांती’ (हमी निधी) मार्फत. निकाल कायम झाल्यावर दोन महिन्यांत आरोपीने पैसे दिले नाहीत तर त्यांच्याकडे अर्ज करायचा, आणि वर्षाच्या आत करायचा. रक्कम 1,000 युरोपर्यंत असेल तर ते सगळी देतात, त्याहून जास्त असेल तर 30 टक्के आगाऊ, किमान 1,000 आणि कमाल 3,000. नंतर ते आरोपीकडून वसूल करतात आणि वर दंडही लावतात. मोठी इजा असेल तर वेगळी यंत्रणा आहे, सिव्ही म्हणतात, त्याबद्दल मदत कक्षात विचारा.

मी जुलैमध्ये अर्ज केला. फॉर्म, निकालाची प्रत, अपील नसल्याचा दाखला, ओळखपत्र, बँकेचा रिब म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद. रिबवरचं नाव आणि निकालावरचं नाव तंतोतंत एक असलं पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, बँकेने ते उडवलेलं असतं, कोर्टाने ते आडनाव म्हणून टाकलेलं असतं. माझा अर्ज त्यावरूनच एकदा परत आला. पासपोर्टची प्रत आणि एक हाताने लिहिलेलं सहीचं पत्र जोडून पुन्हा पाठवला, आणि सप्टेंबरच्या शेवटी 765 युरो खात्यात जमा झाले. त्याच्याकडून वसुली आता ते बघतील, त्यात मला काही करायचं नाही. आपलं नाव तक्रारीच्या दिवसापासून प्रत्येक कागदावर पासपोर्टसारखं लिहिलंय ना एवढं मात्र पोलीस स्टेशनात सही करण्याआधीच बघून घ्या, तिथे दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात.